ऑपरेशनपूर्वी विचारा : सिस्टर किती, आणि मोजणार कोण?

घरात कुणाचे ऑपरेशन ठरले की चार प्रश्न हमखास विचारले जातात. डॉक्टर हाताला कसे आहेत? खर्च किती येईल? मेडिक्लेम चालेल का? घरी कधी सोडतील? प्रश्न रास्त आहेत. पोटाला चिमटा काढून पैसे उभे करणाऱ्या माणसाने ते विचारलेच पाहिजेत. परंतु ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या शेजारी जी सिस्टर उभी राहणार, तिने परिचर्येचे शिक्षण घेतले आहे काय आणि त्या वेळी आत अशा किती सिस्टर असतील, हे विचारणारे नातेवाईक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. माझी सारी नोकरी थिएटरमध्ये परिचारिका म्हणून झाली. त्यामुळे नवघर-भाईंदर भागातली ओळखीची मंडळी हर्निया, पित्ताशय, गर्भाशय अशा ऑपरेशनचे कागद घेऊन सल्ल्याला येतात. त्यांना मी जे सांगते, तेच आज या सदरातून लिहीत आहे.

सिस्टर म्हणजे डॉक्टरांच्या हातात कात्री-चिमटे देणारी बाई, अशी आपल्याकडे समजूत आहे. सिनेमाने ती पक्की केली. प्रत्यक्षात मोठ्या ऑपरेशनला दोन सिस्टर लागतात. एक हात धुऊन, निर्जंतुक गाऊन व मोजे घालून टेबलाशी उभी असते. ती टेबल सोडू शकत नाही आणि निर्जंतुक नसलेल्या वस्तूला हात लावू शकत नाही. दुसरी असते फिरती सिस्टर. सामान उघडून देणे, रक्ताची पिशवी मागवणे, लिहून ठेवणे, बादलीत काय पडले ते पाहणे हे तिचे काम. या दोघींनी मिळून जे एक काम करायचे असते ते म्हणजे मोजणी. किती मॉप, किती गॉज, किती सुया, किती आर्टरी आत घेतल्या आणि किती परत आल्या, याचा हिशेब.

मॉप म्हणजे कापडाची चौकोनी घडी. पोट उघडल्यावर आतडी बाजूला सारून ठेवण्यासाठी आणि रक्त टिपण्यासाठी ती वापरतात. कोरडी असताना पांढरी स्वच्छ दिसते. रक्ताने भिजून पोटात गेली की आतड्यांच्या वळ्यांमध्ये अशी मिसळते की अनुभवी सर्जनच्याही नजरेला दिसत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबायचे नसते, आकड्यावर विसंबायचे असते.

आकडा चुकला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहे. औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) 10 जुलै 1963 रोजी एक बाई सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. मुलगा झाला. बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करून घ्यायचे हे आधीच ठरलेले होते. त्याप्रमाणे 13 जुलैला ते झाले. लगेचच तिला मोठा ताप भरला आणि पोटात असह्य दुखू लागले. एवढ्या साध्या ऑपरेशननंतर असे होत नाही. पतीने धावपळ करून दुसऱ्या डॉक्टरांना गाठले. अखेर 19 जुलैला जखम पुन्हा उघडण्यात आली, तेव्हा आत मॉप सापडला. पू झालेला होता. तो काढला, पोट पुन्हा शिवले. 24 जुलैला ती बाई गेली. मागे पती, लहान मुले आणि चौदा दिवसांचे बाळ राहिले.

पतीने दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36 हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 20 फेब्रुवारी 1996 रोजी भरपाई पुन्हा कायम केली. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा खटला वकील मंडळींना ठाऊक आहे. पोटात मॉप राहिला ही गोष्टच निष्काळजीपणा सांगून जाते, त्यासाठी आणखी पुरावा मागण्याचे कारण नाही, आणि रुग्णालय चालवणाऱ्या सरकारला त्याची जबाबदारी टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल चांगलाच आहे. पण न्याय मिळायला जवळजवळ 33 वर्षे लागली. ते बाळ तोपर्यंत बत्तीस वर्षांचे झाले होते. 1995 साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, त्यामुळे आज दाद मागणे तेव्हापेक्षा सोपे आहे. तरीही पोटात राहिलेल्या मॉपवर कोर्ट हा उपाय नव्हे. उपाय थिएटरच्या आत आहे आणि त्याला काही मिनिटे लागतात.

मोजणी कशी करायची ते सविस्तर सांगते, कारण 'आम्ही मोजतो' एवढे उत्तर पुरेसे नसते. चिरा देण्यापूर्वी एकदा, पोट बंद करण्यापूर्वी दुसऱ्यांदा आणि कातडीचे टाके घालताना तिसऱ्यांदा, असे किमान तीन वेळा मोजायचे. सिझेरियन असेल तर गर्भाशय शिवण्यापूर्वी आणखी एकदा. मोजताना दोघी सिस्टरांनी एकाच वेळी, मोठ्याने मोजायचे आणि प्रत्येक घडी सुटी करून दोघींनी डोळ्यांनी पाहायची. गठ्ठा बाहेरून बघून 'पाच' म्हणायचे नाही. दोन घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, हे ज्याने मोजले आहे त्यालाच कळते. एखाद्या पुडक्यात पाचाऐवजी चार किंवा सहा निघाले तर ते पुडके हिशेबात धरायचे नाही, सरळ थिएटरबाहेर काढायचे. आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा, म्हणजे सर्जन, भूल देणारे डॉक्टर, सगळ्यांना मान वर केली की दिसेल. गॉज कापून अर्धा करायचा नाही. मोजणी जुळेपर्यंत बादली, कचऱ्याची पिशवी, मळके कपडे, काहीही दाराबाहेर जाऊ द्यायचे नाही. मध्येच ड्यूटी बदलली तर जाणारीने येणारीसमोर पुन्हा मोजून द्यायचे. आणि मोजणी चालू असताना कुणी बोलायचे नाही. हल्ली मोबाईलचा उपद्रव थिएटरातही शिरला आहे, म्हणून हेही सांगावे लागते.

मॉपला नाडी असते, तिचे टोक पोटाबाहेर ठेवून त्याला आर्टरी लावतात. चांगल्या प्रतीच्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. साधा कापडी मॉप एक्स-रेत दिसत नाही. या धाग्याच्या मॉपला पैसे थोडे अधिक पडतात, म्हणून काही ठिकाणी ते घेत नाहीत. बिलात कितीतरी गोष्टी लावल्या जातात, त्यात हीही लावावी. रुग्ण कुरकुर करणार नाही.

एका रात्रीचा प्रसंग सांगते. रुग्णालयाचे नाव महत्त्वाचे नाही. तातडीचे सिझेरियन होते. बाळ बाहेर आले, रडले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गर्भाशय शिवण्याआधी मोजले तर दहाच्या जागी नऊ मॉप. टेबलाशी उभी असलेली मुलगी नवीन होती, नुकतीच जीएनएम होऊन आलेली. ती हळूच म्हणाली, "सर, एक कमी आहे." सर्जन म्हणाले, "नीट मोज." आम्ही दोघींनी पुन्हा मोजले. नऊच. सर्जनने हात थांबवला, पोटात चारही बाजूंनी चाचपून पाहिले. नाही. टेबलाखाली, बादलीत, चपलांच्या तळाशी पाहिले. शेवटी शेजारच्या खोलीत बाळाला गुंडाळलेल्या दुपट्याच्या आत तो मॉप मिळाला. मावशींनी घाईत बाळासोबत तोही गुंडाळला होता. सात-आठ मिनिटे गेली असतील. सर्जन एवढेच म्हणाले, "चला, सुई द्या."

त्या सर्जनचे मला आजही कौतुक वाटते. त्यांनी हात थांबवला. सगळेच थांबवतात असे नाही. 'माझ्या पोटात काही नाही, तूच चुकलीस' असे म्हणून टाके घालायला घेणारे महाभागही असतात. (रुग्णाच्या पोटाला 'माझे पोट' म्हणण्याची सर्जन मंडळींची जुनी सवय आहे.) ज्या मुलीला एकदा सगळ्यांसमोर झापले, ती पुढच्या वेळी नऊला दहा म्हणून मोकळी होते. मॉप राहतो तो अशा ठिकाणी.

हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेतील सर्जन डॉ. अतुल गावंडे यांचे नाव वाचकांनी ऐकले असेल. त्यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातील उटी गावचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात वस्तू राहिलेले 54 रुग्ण त्यांनी तपासले. राहिलेल्या वस्तूंपैकी सुमारे दोन तृतीयांश कापडाच्या होत्या. तातडीच्या ऑपरेशनमध्ये हा धोका नऊ पट आणि ऑपरेशन चालू असताना बेत बदलावा लागला तर चार पट आढळला. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा. ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती, त्यांतील 88 टक्के प्रकरणांत शेवटची मोजणी 'बरोबर' आली असेच सर्वांनी धरले होते. म्हणजे मोजले होते, पण मोजणी खोटी होती. एकटीने, घाईत, दबावाखाली मोजले की असेच होणार.

याच डॉ. गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी एक पानी यादी तयार केली. तिच्यात 19 मुद्दे आहेत आणि ती तीनदा वाचायची असते : भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, असे अगदी साधे प्रश्न आहेत. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यात लंडन, टोरांटो होते, तसे दिल्लीचे सेंट स्टीफन्स रुग्णालय होते आणि टांझानियातले इफाकारा हे लहानसे गावही होते. यादीपूर्वी दर हजारी 15 रुग्ण दगावत, यादीनंतर ते 8 वर आले. मोठी गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर उतरली. या यादीच्या शेवटच्या भागात मोजणी पूर्ण झाली हे मोठ्याने सांगण्याचे काम नर्सकडे दिलेले आहे, सर्जनकडे नाही.

मात्र कागदाने जादू होत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची केली. 101 रुग्णालयांचे आकडे 2014 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्युदरात लक्षणीय फरक दिसला नाही. कागद भरले गेले होते, पण थिएटरात सगळे थांबून ऐकत होते की नाही हे आकड्यांना सांगता येत नाही. आपल्याकडेही ऑपरेशन संपल्यावर चहा घेत घेत सगळ्या चौकटीत बरोबरच्या खुणा करण्याची पद्धत काही ठिकाणी रुजली आहे. त्यापेक्षा कागद नसलेला बरा. निदान खोटी खात्री तरी राहत नाही.

भाईंदरहून रोज लोकलने जाणाऱ्याला ही गोष्ट चटकन समजेल. मोटरमन कितीही अनुभवी असो, मागच्या डब्यातून गार्डने (2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) दोन घंट्या दिल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. गाडी उशिरा आहे, लोक ओरडताहेत, तरी घंटीची वाट पाहतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. सिस्टरचे 'मोजणी बरोबर' हे शब्द म्हणजे त्या दोन घंट्या आहेत. त्या मिळेपर्यंत पोट शिवायचे नाही, एवढाच नियम मला प्रत्येक थिएटरात हवा आहे.

आता आपल्या भागाविषयी. एके काळी नवघर म्हणजे मिठागरांच्या कडेचे गाव. मोठे ऑपरेशन म्हटले की बोरिवलीचे भगवती किंवा परळचे केईएम गाठायचे. 1985 साली नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका, आणि वस्ती वाढली तशी इमारतींच्या पहिल्या मजल्यांवर नर्सिंग होम उघडली. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय झाले. या लहान नर्सिंग होमनी पुष्कळ जीव वाचवले आहेत. मध्यरात्री फाटकाच्या रांगेत किंवा हायवेच्या कोंडीत अडकण्यापेक्षा घराजवळ सिझेरियन झालेले केव्हाही चांगले. त्यांच्यावर दगड मारण्याचा माझा हेतू नाही.

पण लहान ठिकाणची एक दुखरी बाजू सर्वांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. दहावी-बारावी झालेल्या मुलीला चार महिने शिकवून, गणवेश घालून, 'सिस्टर' म्हणून उभे करतात. ती मुलगी प्रामाणिक असते, कष्टाळू असते, हाताला हुशारही असते. पण तिच्याकडे ना प्रमाणपत्र, ना परिचर्या परिषदेची नोंदणी. सर्जनसमोर 'थांबा' म्हणण्याचे बळ तिने कुठून आणायचे? तिची नोकरी त्यांच्या एका शब्दावर आहे. शिवाय रात्रीच्या वेळी टेबलाशी तीच आणि फिरतीही तीच, अशी अवस्था असते. मग दोघींनी मोजायचे कसे?

डॉक्टर मंडळींचे म्हणणे मी ऐकले आहे. शिकलेल्या सिस्टर मिळत नाहीत, मिळाल्या तर मोठ्या रुग्णालयात किंवा आखातात निघून जातात, पगार परवडत नाही. यात तथ्य आहे. पण पगार वाढवून पाहिला आहे काय, हा प्रश्न मी त्यांना उलट विचारते आणि बहुधा उत्तर मिळत नाही. थिएटरला एसी बसवायला, दर्शनी भागाला काच लावायला पैसे निघतात. ठरवून केलेली ऑपरेशने दोन शिकलेल्या सिस्टर हजर असतील त्याच दिवशी, त्याच वेळी ठेवता येतात. शेजारच्या दोन नर्सिंग होमनी मिळून थिएटरची एक चांगली सिस्टर नेमली तरी चालेल. आणि अगदीच अडचण असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दुसरा साक्षीदार म्हणून मोजणी पाहावी. ते आत असतातच.

महापालिकेच्या आरोग्य विभागाकडेही एक मागणी आहे. नर्सिंग होमची नोंदणी 1949 च्या कायद्याखाली होते. प्रशिक्षित परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारण्याची तरतूद त्या मूळ कायद्यातच आहे. 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी लावणेही बंधनकारक केले. नूतनीकरणाला जाणारे अधिकारी अग्निशमनाचा दाखला आणि जैविक कचऱ्याची पावती पाहतात. त्याच फेरीत थिएटरचे रजिस्टर मागवून पाहावे : मोजणीचा रकाना आहे का, प्रत्येक ऑपरेशनपुढे दोन वेगवेगळ्या सह्या आहेत का, आणि सही करणारीची नोंदणी आहे का. दहा मिनिटांत सारे उघड होते. सगळीकडे एकाच अक्षरात दोन सह्या दिसल्या तर अधिक सांगायला नको.

ऑपरेशन झाल्यावर घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या ऑपरेशननंतर ताप उतरत नाही, पोट फुगलेले राहते, दुखणे दिवसागणिक वाढते, जखमेतून घाण पाणी येते, असे काही झाले तर 'होईल कमी' या शब्दांवर थांबू नका. सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन करून घ्या, दुसऱ्या सर्जनचे मत घ्या. औरंगाबादच्या प्रकरणात 13 ते 19 जुलै हे सहा दिवस गेले होते. काही वेळा कापडाभोवती गाठ बनते आणि वर्षानुवर्षे काही कळत नाही. म्हणून पूर्वी ऑपरेशन झालेल्या जागी गाठ लागली, तर ते ऑपरेशन कितीही जुने असो, डॉक्टरांना अवश्य सांगा.

ज्यांचे ऑपरेशन येत्या दिवसांत ठरले आहे त्यांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. आत किती शिकलेल्या सिस्टर असतील? मोजणी कोण दोघे करणार? मॉप एक्स-रेत दिसणारे आहेत का? हर्निया, मूत्रपिंड, डोळा, गुडघा असे एका बाजूचे ऑपरेशन असेल तर रुग्ण शुद्धीवर असताना त्याच्याकडून बाजू विचारून पेनने खूण करून घ्या. आपल्या भागात एकाच आडनावाची दोन-तीन माणसे एकाच दिवशी दाखल असणे काही नवलाचे नाही. तेव्हा मनगटावरच्या पट्टीवर पूर्ण नाव आणि वय लिहिले आहे का तेही वाचून पाहा. हे विचारल्यावर डॉक्टर रागावतील अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. थोडे रागावतीलही. पण ज्याच्या थिएटरात हे सगळे होते तो डॉक्टर बहुधा सिस्टरला हाक मारतो आणि म्हणतो, "या आमच्या थिएटरच्या सिस्टर, यांनाच विचारा."